लाकडं आणायला गेला

१९ ऑगस्ट

ताजी बातमी अशी: सग्बो लाकडं आणायला गेला. दुजोरा आफीचा. आफी त्याच्या छपराशेजारी मासे धुरावर सुकवते, फोन तिचाच होता. एवढं एक वाक्य ऐकू आलं आणि लाइन तुटली.

सग्बो माझा भाऊ. अहेमे तळ्याकाठी होड्या कोरतो. एका होडीला एक अखंड ओंडका लागतो आणि तसा ओंडका बाजारात मिळत नाही, नदीने वर जंगलात जावं लागतं. होड्या कोरणारा माणूस लाकडं आणायला गेला, यात बातमी कसली?

पण सग्बो जुळ्यांतला आहे. आमच्याकडे जुळ्यांतला एक मेला तर 'मेला' म्हणत नाहीत. तो शब्द कानावर पडला की जुळे रुसतात, आणि रुसलेला जुळा मागे राहिलेल्यालाही ओढून नेतो. म्हणून म्हणायचं, लाकडं आणायला गेला. आमच्या रेडिओवर निधनवार्ता मीच वाचते. हे वाक्य वाचताना आवाज किती खाली आणायचा ते आता जिभेला पाठ झालंय. आफीचा आवाज तेवढाच खाली होता. शिवाय घोगरा, रडून बसल्यासारखा.

आई अंगणात चवळी निवडत होती. तिला सांगितलं.

"कसं म्हणाली ती?"

मी म्हणून दाखवलं.

आईचा हात थांबला. "पुन्हा म्हणू नकोस. थोरला आत झोपलाय."

थोरला म्हणजे झिन्सू, सग्बोचा जुळा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं शिवणयंत्र आहे. हल्ली दुपारचा झोपतो. वय झालं, म्हणतो. चव्वेचाळीस म्हणजे काय वय आहे?

२० ऑगस्ट

सकाळपासून आफीला फोन लावत होते. दुपारी लागला.

"आफी, सग्बो कुठाय?"

"सांगितलं ना काल. लाकडं आणायला गेला."

"म्हणजे जंगलात?"

"नाहीतर काय समुद्रात? लाकडं कुठे असतात, बाई?"

"स्वतः गेला का?"

"दुसऱ्याच्या पायांनी कोण जातं, दोसी? बरी आहेस ना? माझे मासे करपतायत."

आणि ठेवला. मग संध्याकाळपर्यंत तिचा फोन बंद.

रेडिओवर नव्याने येणाऱ्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवते: प्रश्न सरळ विचारा. आडवळणाने विचाराल तर उत्तर आडवळणानेच येईल. आज मला सरळ प्रश्न विचारता येत नव्हता. तो प्रश्न तोंडातून काढणं म्हणजेच ते घडवून आणणं. आणि जे वाक्य वापरता येतं, त्याचं खरं उत्तर दोन्ही बाजूंनी तेच येतं. तो जिवंत असला तरी लाकडं आणायला गेलाय आणि नसला तरी लाकडंच आणायला गेलाय.

अंगण तीनदा झाडलं. आई म्हणाली, "जमिनीची साल काढू नकोस."

२२ ऑगस्ट

आईने आग्बोसूमामांना बोलावून घेतलं. मामा फा बघतात, म्हणजे ताडाच्या बिया हातात उसळून दैव वाचतात. मामांकडे जायचं ते रविवारची प्रार्थना झाल्यावर, असा आईचा दंडक आहे, पण या वेळी तिने रविवारची वाट पाहिली नाही.

मामांनी बिया उसळल्या, पाटीवरच्या पिठात बोटाने रेघा ओढल्या, बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, "जो गेलाय तो येईल. जो बसलाय तो उठेल."

"म्हणजे चांगलं?" मी विचारलं.

"मी चांगलं-वाईट सांगत नाही, पोरी. काय लिहिलंय ते सांगतो. तू नाही का बातम्या वाचत?"

मला तरी ते चांगलंच वाटलं. सग्बो येईल, आणि थोरला दादा खाटेवरून उठून कामाला लागेल. आज त्याने यंत्राला हात लावला नाही. त्याचे कान काही बहिरे नाहीत, घरातली कुजबुज त्याने ऐकलीच असणार. सग्बोची काळजी त्याला खातेय.

२३ ऑगस्ट

दादाला शेवटी सांगितलं. तो चक्क हसला.

"लाकूड मिळालं की येईल. त्याला चांगलं लाकूड मिळायला वेळच लागतो. आईच्या पोटातूनसुद्धा तो माझ्यानंतर अर्ध्या तासाने आला, आठवतं ना आई?"

"मला विचारतोस? मी तिथेच होते," आई म्हणाली.

"कोणीतरी जाऊन त्याला घेऊन या."

आई ताडकन उठली. "लाकडं आणायला गेलेल्याच्या मागे जायचं नसतं. कोणी जाणार नाही."

दादाने पानात बांधलेला मक्याचा गोळा उकलला, अर्धा खाल्ला आणि अर्धा पानात परत गुंडाळून ठेवला.

२६ ऑगस्ट

आज मूर्ती आली. जुळ्यांतला एक लाकडं आणायला गेला की त्याच्या जागी घरात ठेवतात ती. मला सगळंच घाईचं वाटलं.

मूर्ती कोरणारा गांदोनू सकाळी दारात उभा, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. "तयार आहे. पॉलिश राहिलंय, पण म्हटलं घरात गरज पडलीय तर नेऊन द्यावी." बातमी गावभर झालीय म्हणजे.

आईने हात पुढे करून घेतली. वीतभर लाकूड. सरळ उभा पुरुष, हात मांड्यांना चिकटलेले, डोळे उघडे. आईने ती छातीशी धरली आणि तोंडातून आवाज न काढता रडली.

मी गांदोनूला बाजूला घेतलं. "तुला कोणी सांगितलं करायला? आमचं अजून काही ठरलं नव्हतं."

"थोरल्याने. जूनमध्ये येऊन गेला."

"जूनमध्ये? तेव्हा सग्बो इथे जेवायला आला होता, दोघं ओसरीवर बसून बिअर पीत होते."

"मग नसेल जून. मला आपलं वाटलं." आणि त्याने छताकडे पाहिलं. गांदोनूला लाकडाच्या गाठी लक्षात राहतात, महिने राहत नाहीत.

दादाने मूर्ती उजेडात धरून पाहिली. "नाक जमलंय."

"हे सग्बोचं नाक नाही. सग्बोचं मोडलंय, माडावरून पडला तेव्हा," मी म्हटलं.

"असू दे. तोंड तर एकच आहे. चालेल."

त्याला बरं वाटावं म्हणून मी वाद घातला नाही. पण मला मुळीच पटलेलं नाही. एका बाईच्या घोगऱ्या आवाजावर आपण माझ्या भावाची मूर्ती घरात आणून बसलोय. माझ्या टेबलावर अशी बातमी आली असती तर मी ती परत पाठवली असती.

२९ ऑगस्ट

पॅरिसच्या ज्या मासिकाला मी लेख देते, त्यांचा निरोप: लेख पाच सप्टेंबरला हवा. विषय, 'व्हूडूचा उगम आणि रोजचं आचरण'. संपादकबाईंनी पुस्ती जोडलीय: बाहुलीला टाचण्या नेमक्या कुठे टोचतात, त्यावर एक परिच्छेद जमेल का?

आमच्या घरातल्या बाहुलीला आज काय काय झालं ते लिहिते. सकाळी आईने तिला कोमट पाण्याने आंघोळ घातली, तेल लावलं. अंगणातल्या जोडमडक्यांसमोर, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या त्या दोन बुटक्या मातीच्या मडक्यांसमोर, चवळी आणि ताडाचं लाल तेल ठेवलं. ते जुळ्यांचं देवस्थान, भाऊ जन्मले तेव्हापासूनचं. मूर्तीच्या ओठांना चवळी लावली. नंतर कमरेच्या कापडात खोचून बाजारात नेली. कांदेवालीने आईच्या टोपलीत दोन कांदे जास्तीचे टाकले, "जुळ्यांसाठी," म्हणून. रात्री मूर्ती दादाच्या उशाशी झोपते. टाचण्या म्हणाल तर दादाच्या यंत्राच्या खणात आहेत, त्या तो कापडाला टोचतो.

उगमाबद्दल आईला विचारलं. तिने चवळीतला खडा फेकला. "उगम कसला? सुरुवातच जुळ्यांपासून. मावू आणि लिसा. एक चंद्र, एक सूर्य. त्यांची पोरं म्हणजे बाकीचे वोदून, आपले देव: कोणाला वीज दिली, कोणाला समुद्र, कोणाला लोखंड. राजांच्या काळात बाहेरचेही आले. नवी सून आपल्या माहेरचा देव घेऊनच घरात यायची. आपण काय, जागा करून दिली."

"आणि समुद्रापलीकडे गेले ते?"

"त्यांना बांधून नेलं, आपल्याच वाटेने, या गावातून. हातात काही नेऊ दिलं नाही, म्हणून देव डोक्यातून नेले. लिही एवढं."

लिहिलं. दोनशे शब्द झाले. उरलेल्यांसाठी बसायला गेले आणि तीनदा उठले. एकदा दार लागलंय का बघायला, एकदा फोन चार्ज झालाय का बघायला. तिसऱ्यांदा का उठले ते आठवत नाही.

२ सप्टेंबर

आफीचा फोन अजूनही बंद.

आज दादा यंत्रावर बसला, म्हणून मला हायसं वाटलं. मूर्तीसाठी सदरा शिवत होता. कापड ओळखीचं वाटलं. त्याचा स्वतःचा निळा सदरा होता, सणाला घालायचा.

"हा कशाला फाडलास?"

"सैल होतो आता."

"मग आवळून घ्यायचा."

"तेच करतोय," तो म्हणाला आणि वीतभर सदरा मला उलटा-सुलटा करून दाखवला. काजंसुद्धा केली होती. मग दम लागल्यासारखा थांबला. त्याचे डोळे पिवळट दिसत होते. यंत्राजवळचा दिवा बदलायला हवा, फारच पिवळा उजेड पडतो.

"दोसी, तू जा आणि त्याला घेऊन ये."

"आई काय म्हणाली ते ऐकलंस ना? मागे जायचं नसतं."

"दुसऱ्यांनी नसतं. तू मागे कुठे जातेस? तू तर आमच्या पाठचीच." स्वतःच्या कोटीवर तो इतका हसला की त्याला पोट धरावं लागलं. बराच वेळ धरून बसला. "जुळ्यांच्या पाठची म्हणजे जुळ्यांची धनीण, तिचा शब्द त्यांच्यावर चालतो. आईनेच शिकवलंय ना? मग जा. या आठवड्यात जा. उशीर करू नकोस."

तो इतक्या खात्रीने बोलतोय म्हणजे त्याला आतून काही कळत असणार. जुळ्यांना कळतं. सग्बो जिवंत आहे.

आईपाशी तोच पाठचीचा मुद्दा मांडला. तिने दादाच्या खोलीकडे पाहिलं, बराच वेळ. माझ्याकडे पाहिलं नाही. "जा," म्हणाली.

४ सप्टेंबर

तळ्याकाठी. आफीला भेटले.

तिचा आवाज कायमच घोगरा आहे. आयुष्यभर धुरात उभी राहणाऱ्या बाईचा आवाज. फोन तळ्यात पडला होता. ती सीमेपलीकडची, तिच्या गावाकडे जुळ्यांबद्दल वेगळं काहीतरी म्हणतात, लाकडाबिकडाचं नाही. माझा प्रश्न तिला समजावून सांगायलाच मला घाम फुटला. समजल्यावर तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अगं ए बाई! तो बसलाय तिकडे वर, नदीला पाणी चढायची वाट बघत! तांदूळ संपले म्हणून परवाच निरोप आला. आणि तुम्ही तिकडे काय करून बसलात?"

"मूर्ती आणली."

"त्याला सांगू नकोस," आफी म्हणाली. "घाबरट आहे तो."

उद्या सकाळी तिच्या भाच्याची होडी तांदूळ घेऊन वर जातेय. मी त्यातच बसणार. दादाला फोन करून सांगावं असं फार वाटत होतं, पण ठरवलं, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघेन, मगच सांगेन. माझा नियम आहे तो.

५ सप्टेंबर

सग्बो जिवंत आहे. मी पाहिला. जाडा झालाय.

नदीच्या वळणावर एक प्रचंड ओंडका पडलाय, त्याच्यावर बसून तो भाजलेला मका खात होता. मी होडीतूनच ओरडले. त्याने मका हलवून दाखवला, जणू मी रोजच येते.

"तू इथे कशी? रेडिओ बंद पडला?"

मी काठावर चढून आधी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"कोणी सांगितलं मी... तसा?" सगळं ऐकल्यावर त्याने विचारलं.

"कोणीच नाही. सगळे एवढंच म्हणाले की तू लाकडं आणायला गेलास."

"मग? गेलोच होतो!"

आम्ही दोघं इतके हसलो की आफीच्या भाच्याला वाटलं, भांडण चाललंय. सग्बो ओंडका थोपटत म्हणाला, "हे बघ लाकूड! दुजोरा घे!" मूर्तीचंही सांगून टाकलं. तो थोडा बिचकला. "मला तिकडे चवळी खाऊ घालतायत होय? तरीच इथे तांदूळ संपूनही भूक कमी लागत होती." मग थोड्या वेळाने, "कोणी आणायला सांगितली?"

"दादाने. गांदोनू म्हणतो, जूनमध्येच. त्याला महिने कळत नाहीत."

"दादा कसाय?"

"तुझ्या काळजीने वाळलाय. खात नाही. आता तुला बघितलं की उठेल."

सग्बो कणसाकडे बघत होता. "काळजीने कसा वाळेल, दोसी? जूनमध्ये मी जेवायला आलो तेव्हाच त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. मी विचारलं. म्हणाला, पट्टा नवा आहे. आणि तेव्हा मी कुठे गेलो होतो? समोरच बसलो होतो."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दमलेला असेल. मोसमात शिवणकाम फार असतं.

लेखाची मुदत आज संपली. बारा वर्षांत पहिल्यांदा चुकली आणि मला त्याचं काही वाटत नाहीये. उद्या टेकडीवर जाऊन फोन करायचा. तिथेच रेंज मिळते म्हणे. दादाला स्वतः सांगणार: तुझं खरं निघालं.

६ सप्टेंबर

सकाळी टेकडी चढले. फोन आईने उचलला.

"सापडला! ठणठणीत आहे, आई! जाडा झालाय!"

पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "फार बरं झालं. दोसी, झिन्सू लाकडं आणायला गेला."

"कसा गेला? त्याला दोन पावलं चालवत नाही! कोणी मोटारसायकलवर बसवलं त्याला? परत बोलावून घे, त्याला म्हणावं, आम्हीच येतोय, मी सग्बोला घेऊन..."

आईने मला बोलू दिलं. माझे शब्द संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "पहाटे खाटेवर उठून बसला. पाणी मागितलं. सग्बो निघाला का, विचारलं. मी म्हटलं, निघाला. मग उठला तो."

आवाज खाली होता. मी जितका आणते, तेवढाच.

पुढचंही तिने सांगितलं, कारण मी काही विचारत नव्हते. जूनमध्ये तो एकटाच कोतोनूच्या इस्पितळात जाऊन आला होता. तिला महिन्याभराने सांगितलं, मला सांगू नको म्हणाला. गांदोनूला तिने आज विचारलं, आता दुसरी मूर्ती कोरशील का. तो म्हणाला, दुसरी कशाला? ती त्याचीच आहे. स्वतः येऊन, पायातल्या वहाणा काढून, उभं राहून माप देऊन गेला होता.

गांदोनूला महिना बरोबर लक्षात होता. मामांनाही वाचता येतं. आवाज कसला, दिवा कसला, पट्टा कसला, हे ओळखता आलं नाही ते फक्त मला.

उतरताना मी सरळ वाक्य जुळवत होते. सग्बोला आडवळणाने सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. तो ओंडक्याची साल काढत होता, कुऱ्हाड लयीत पडत होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि तोंडातून तेच आलं.

"सग्बो, दादा लाकडं आणायला गेला."

"तोही?" तो हसला. कुऱ्हाड पुन्हा वर गेली. "एवढ्या लाकडांचं करायचं काय आपल्याला..."

कुऱ्हाड वरच राहिली. मग त्याने ती हळूच, पात्याचा आवाज न होऊ देता, खाली ठेवली.

त्याने विचारलं, "सदरा कोणता घातलाय त्याला?" मला आधी कळलं नाही तो कोणाबद्दल विचारतोय. मग म्हटलं, निळा. सणाचा. काजंसुद्धा केलीत.

ओंडका इथेच राहणार. पाणी चढलं तर आफीचा भाचा तो दोराने बांधून ठेवणार आहे. पॅरिसला टेकडीवरूनच कळवलं की लेख उशिरा येईल. कारण दिलं नाही. दिलं असतं तर त्यांनी ते शब्दशः घेतलं असतं.

रेडिओलाही कळवलं. उद्या सकाळच्या बातम्यांनंतर निवेदन वाचलं जाईल. मी पोचले तर मीच वाचेन. मजकूर आई आणि मामांनी ठरवलाय: झिन्सू लाकडं आणायला गेला आहे, त्याचा धाकटा सग्बो परत येत आहे. दोन्ही बातम्यांना दुजोरा आहे.

होडी तासाभरात सुटेल. रात्री आफीकडे, पहाटेच्या गाडीने घरी. दारात आई मूर्ती सग्बोच्या हातात देईल. तो ती कमरेला बांधेल, आणि यापुढे जाईल तिथे नेईल. त्यानंतर सगळे जेवायला बसतील. त्याच्यासमोर दोन पानं मांडली जातील, लहानपणापासून मांडली जातात तशी, आणि आधी कोण खाणार यावरून तो जरा वेळ थांबेल. थोरल्याने सुरुवात केल्याशिवाय तो कधी खात नाही.